कलम अकरा

"ह्यातलं कंचं कलम माज्या बाजूचं हाय, तेवढं दावा," शालनमावशी म्हणाली, "मग लावते अंगठा."

भिंतीवरच्या पडद्यातला तन्मय शहापुरे हातातली पानं पुन्हा चाळू लागला. 'पाळणासेतू' संस्थेतर्फे तो रोज कितीतरी करार करून घेत असेल, पण हा प्रश्न त्याच्या पाठांतरात नसावा. सानिकानं हसू ओठांत दाबलं. तिच्या मांडीवर आठ महिन्यांची जुई स्वतःच्या पायाचा अंगठा तोंडात घालायची खटपट करत होती.

"सगळीच कलमं दोघांच्या हिताची आहेत, मावशी. आठवड्याची सुट्टी आहे, विमा आहे, भविष्यनिधी आहे."

"ते सरकारनं दिलंय. तुमचं काय, ते सांगा."

शालन माळी पन्नाशीची, उंचीपुरी बाई. सांगलीच्या हळद शिजवणाऱ्या भट्ट्यांवर तिनं उमेदीची वर्षं काढली होती. भट्ट्या यंत्रांच्या ताब्यात गेल्या तशी ती लेकरं सांभाळू लागली. अजूनही उन्हात उभी राहिली की तिच्या तळहातांवर पिवळी झाक दिसे.

सानिका मगदूमला अर्ध्या दिवसासाठीच बाई हवी होती. मिरजेत तंबोरे घडवणाऱ्या एका कारखान्यात ती नाद तपासायची. यंत्र तारेचं कंपन मोजायचं, आणि ते यंत्र खरं बोलतंय की नाही हे सानिकाचा कान ठरवायचा. नवरा अभिजीत कोकणच्या समुद्रातल्या पवनचक्क्यांवर. दोन आठवडे तिकडे, एक आठवडा इकडे. घरी मूल सांभाळणाऱ्या बाईचा करार सरकारात नोंदवायचा कायदा आल्यापासून कागदपत्रांची कटकट नको म्हणून निम्मं शहर पाळणासेतूकडे जात होतं. 'कागद आम्ही बघतो, बाळ तुम्ही बघा,' अशी त्यांची जाहिरात प्रत्येक बसथांब्यावर होती. सानिकाही तीच जाहिरात वाचून गेली.

"आणि हे कलम अकरा," तन्मय घाईघाईनं म्हणाला. "ते फक्त ऐकून घ्या."

कलम अकराचं शास्त्र सानिकाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. दोन तंबोरे एकाच सुरात लावून शेजारी ठेवले आणि एकाची तार छेडली, की दुसऱ्याची तार कुणी हात न लावता थरथरते. माणसाच्या काळजाचंही तसंच आहे. बाळ कुशीत घेतलं, त्याच्या डोळ्यांत बघून चार शब्द बोललं, की थोड्या वेळात दोघांच्या ठोक्यांची चढउतार एकमेकांच्या मागोमाग चालू लागते. श्वास जुळतो, अंगाची ऊब जुळते, घामातली रसायनंसुद्धा बदलतात. हे डॉक्टरांना पूर्वीच कळलं होतं. नवं एवढंच, की आता ते घरोघरी मोजता येत होतं. बाळाच्या पाठीवर कुंकवाच्या टिकलीएवढी चकती, सांभाळणाऱ्याच्या मनगटात कडं. ही दोन यंत्रं आपसांत बोलत आणि फोनवर आकडा उमटे. त्या आकड्याला 'मेळ' म्हणत.

हेतू चांगलाच होता. बाळाला कुणी हिसडलं, आदळलं, तर मेळ तत्काळ कोसळे आणि आईचा फोन वाजे. आईबापांना हायसं वाटलं. मग विमा कंपन्यांच्या लक्षात दुसरंच काही आलं. ज्या बाईशी बाळाचा मेळ फार जमला, ती काम सोडून गेली की बाळ झुरे. दूध सोडे, झोप उडे, अंग धरेना. दवाखान्याच्या फेऱ्या वाढत. त्यावर त्यांनी उपाय शोधला तो असा, की मेळ जमूच द्यायचा नाही.

"अर्धवेळ बाईंचा मेळ तीसच्या खाली जायला नको आणि साठच्या वर जायला नको," तन्मय सांगत होता. "खाली गेला तर दुर्लक्ष धरतात, वर गेला तर अति गुंतणं. दोन्हींत बदली होते."

"म्हंजे अर्ध्या दिसाच्या कामाला अर्धी माया," शालनमावशी म्हणाली. "आन उरलेली अर्धी कुटं ठिऊ? फ्रीजमधी?"

तन्मय हसला, म्हणजे हसल्यासारखं केलं. शालनमावशीनं एक सुस्कारा टाकला, काचेवर अंगठा टेकवला आणि हिरवं कडं मनगटात चढवलं. बाईचं हिरवं, आईचं पांढरं.

"बांगडी भरल्यागत वाटतंय," ती जुईला म्हणाली. "तुज्यासंगं लगीन लावलं म्हनायचं मी."

जुईनं ते कडं लगेच चावून बघितलं.

*

दिवस बरे चालले. सकाळची शालनमावशी, दुपारनंतर सानिका. बिनचालकाची बस मिरजेहून सुटली की सानिकाच्या छातीत दूध भरून यायचं आणि विश्रामबागेला उतरेपर्यंत ती पाय आपटत असायची.

एकदा ती जरा लवकर घरी आली. दार लोटलेलं होतं. आत शालनमावशी पाय पसरून बसली होती, पायांवर उशी, उशीवर जुई. आणि भट्टीच्या धुरानं थोडा भरडलेला तो आवाज चालला होता:

झोप येती पायी पायी, उंबऱ्यात थबकली
सानिका माउलीची तिनं पावलं ओळखली

हळदीच्या रानातून वारा पिवळा होऊन आला
सानिकाच्या लेकीसाठी त्यानं पाळणा हलविला

सानिका चप्पल हातात धरून तशीच उभी राहिली. आपलं नाव कुणी गाताना तिनं कधी ऐकलं नव्हतं. लग्नातल्या उखाण्यातसुद्धा अभिजीत अडखळला होता.

"माझं नाव कशाला घालता, मावशी?" जुई झोपल्यावर तिनं विचारलं.

"मग कुनाचं घालू, माजं?" शालनमावशीला तो प्रश्नच खुळा वाटला. "आमच्या भट्टीवर धा-धा बायकांची पोरं एका झाडाखाली असायची. जी मोकळी आसंल ती निजवायची. पर दुसऱ्याचं लेकरू निजवताना गान्यात त्येच्या आईचं नाव घालायचं, ही रीतच हाय. न्हाईतर लेकरू चुकतंय."

"चुकतं म्हणजे?"

"म्हंजे कुनाच्या कुशीत जायचं ते इसरतंय. नाव कानावर असलं की येतंय माघारी." मग ती उठली, पदर खोचला. "तुमचं नाव गायला बरं हाय. आदल्या घरातल्या बाईचं नाव ऐश्वर्यलक्ष्मी. जीव जायचा माजा."

*

पावणेदोन महिन्यांनी फोनवर पहिली सूचना आली. शालन माळी, मेळ अठ्ठ्याहत्तर. सानिका मगदूम, मेळ बावन्न. खाली प्रश्न होता: बदली मंजूर? आणि दोन चौकोन.

सानिका बसमध्ये होती. शेजारची मुलगी दाणे खात होती, त्यांची टरफलं सानिकाच्या ओढणीवर पडत होती, आणि सानिकाला काही दिसत नव्हतं. बावन्न. नऊ महिने पोटात वाढवलेलं मूल, आणि बावन्न. तिचं बोट 'हो'च्या चौकोनावर जाऊन टेकलं. दाबलं नाही, पण टेकलं. घरी एक बाई होती, जी तिच्या नावानं गात होती, आणि तिलाच घालवायला ते बोट निघालं होतं. सानिकानं फोन पर्समध्ये टाकला आणि पर्सची चेन अशी ओढली की ती तुटलीच.

दुसऱ्या दिवशी रविवार. शालनमावशीची सुट्टी, पण जुईच्या मालिशीला ती सुट्टीतही डोकावून जायची. "कामाला न्हाई आले, मालिशीला आलेय," असा तिचा हिशेब. दोघींनी मिळून जुईला तेलानं माखलं. तेल लागू नये म्हणून दोघींची कडी खिडकीत शेजारी शेजारी ठेवली होती. जुई निसटत होती, किंचाळत होती, तिला पकडताना दोघींची त्रेधा उडाली. शेवटी अंघोळ झाली, पावडर झाली, आणि बुळबुळीत हातांनी जी हाताला लागली ती कडी चढवली गेली. जुईला पायांवर निजवूनच शालनमावशी घरी गेली.

संध्याकाळी सानिकानं फोन उघडला तर तिचा मेळ एक्क्याऐंशी. शालनमावशीचा सत्तेचाळीस.

ती मनगटाकडे बघत राहिली. मनगटात हिरवं कडं होतं.

कड्याला नाडी कळत होती, नाव कळत नव्हतं.

सोमवारी तिनं शालनमावशीला सगळं सांगितलं. ती सूचना, ते आकडे, आणि आता हा सोपा मार्ग. "कडी अशीच राहू देत. तुमचा आकडा माझ्या नावावर पडेल. तुम्ही मर्यादेत राहाल. कुणी तुम्हाला हलवणार नाही."

शालनमावशीनं पांढरं कडं गोल गोल फिरवलं. "चोरी हाय ही, ताई."

"कुणाची?"

"ते बी मलाच इचारा." ती जुईकडे बघत राहिली. जुई रांगत येऊन तिच्या जोडव्यांशी खेळत होती. "ठेवा तशीच," ती शेवटी म्हणाली. "पर मला आवडलेलं न्हाई, एवढं ध्येनात असू द्या."

*

काही आठवडे पाळणासेतूकडून सानिकाला फुलांची चित्रं येत राहिली. 'आदर्श पालक! मेळ सत्त्याऐंशी!' अभिजीतनं ते समुद्रातल्या सहकाऱ्यांना दाखवलं आणि तिला कौतुकाचा फोन केला. सानिका हं-हं म्हणाली.

त्याच काळात तिला एक खोड लागली. घरी आली, जुईला घेतलं, की एका हातात फोन. हिरव्या कड्याचा आकडा, म्हणजे तिचा स्वतःचा खरा आकडा, वर जातोय का ते ती बघायची. सत्तेचाळीस. पंचेचाळीस. जुईला जवळ ओढायची आणि पुन्हा बघायची. एक्केचाळीस. ती गाणं म्हणायला जायची आणि अर्ध्या ओळीत डोळे आकड्यावर. कारखान्यात नव्या पोरांना ती रोज सांगायची, की तार बोटानं दाबून धरली तर शेजारचा तंबोरा कितीही वाजू दे, ती हलणार नाही. घरी मात्र तिचं बोट सतत तारेवरच होतं. छाती ताठ, श्वास वरच्यावर. जुई तिच्या खांद्यावरून मागे वळून दाराकडे बघायची.

मग बुधवारी ती नोटीस आली.

'शालन माळी. मेळ सव्वीस. वर्तन: अलिप्त. बाळाशी पुरेसं नातं जुळलेलं नाही. सोमवारपासून बदली. कामगार क्रमांकावर लाल खूण.'

लाल खूण म्हणजे शहरातल्या प्रत्येक दाराला कळणार, की ह्या बाईच्या हाती मूल देऊ नका. सानिकाचा पहिला संताप तोच होता: मावशींना अलिप्त म्हणतात? ह्यांची जीभ कशी वळते? ती तरातरा स्वयंपाकघरात गेली, फोन शालनमावशीपुढे धरला आणि तोंड उघडता उघडता तिला कळलं. हिरव्या कड्याचा आकडा होता तो. अलिप्त बाई ती स्वतः होती.

ती ओट्याला टेकून खाली बसली.

शालनमावशीनं नोटीस ओठ हलवत वाचली. मग तिच्या पोटातून हसू वर आलं, दाबलं तरी फुटलं. "आई नापास झाली की ओ!"

सानिका रडत होती, आणि रडता रडता तिलाही हसू फुटलं. जुई दोघींकडे बघून टाळ्या वाजवायला लागली. कशाला ते तिलाच ठाऊक.

"मावशी, तुमच्या नावावर माझा डाग पडतोय," सानिका डोळे पुसत म्हणाली.

"मग पुसा की. बसलाय कशाला?" शालनमावशीनं पांढरं कडं काढून तिच्या मांडीवर टाकलं. आता ती हसत नव्हती. "मी तवाच म्हनले, मला आवडलेलं न्हाई. चोरून ऱ्हायचं आसंल तर मला न्हाई ऱ्हायचं. भट्टीवर चटके खाल्ले, पर नाव दुसऱ्याचं लावून न्हाई खाल्ले."

सानिका उठली. तोंडावर पाणी मारलं. भिंतीवरचा पडदा चालू करून पाळणासेतूला फोन लावला.

"सानिकाताई! नोटीस मिळाली ना?" तन्मय उत्साहात होता. "काळजी करू नका, सोमवारी नवीन बाई येतील. तुमचा स्वतःचा मेळ तर उत्कृष्ट आहे, सत्त्याऐंशी."

"तो मावशींचा."

"म्हणजे?"

"कडी आम्ही अदलाबदल केली होती. सत्त्याऐंशी मावशी. सव्वीस मी. ती अलिप्त बाई मी आहे." तिनं हिरवं कडं मनगटातून उतरवलं. "आता करा तुमच्या कलमाप्रमाणे. बदला मला. सोमवारी माझ्या जागी दुसरी आई पाठवा. बघू कोण येतंय."

तन्मयनं घसा साफ केला. "आईला कलम लागू नाही, ताई."

"का नाही?"

"आई... म्हणजे आई कायमची असते ना."

"आणि ह्या नाहीत, हे कुणी ठरवलं? तुम्हीच. आधी काढून टाकायचं ठरवलं, आणि जाणाऱ्या बाईचा लळा नको म्हणून मोजमाप लावलं. बाळ झुरतं म्हणून काळीजच जुळू द्यायचं नाही! उद्या म्हणाल, पोर पडतं म्हणून चालायला शिकवू नका."

"मी फक्त करार सांभाळतो हो," तो हळूच म्हणाला. आणि पहिल्यांदाच तो खराखुरा माणूस वाटला. "माझी मुलगीही अशाच एका बाईंकडे असते."

"तिच्या बाईंचा मेळ किती?"

तन्मयनं समोरची फाईल मिटली.

"आज संध्याकाळच्या आत मावशींची लाल खूण काढा. आकडा माझा आहे, मी सही करून देते. आणि करार आम्ही मोडतोय."

"मग कागदपत्रं सगळी तुम्हालाच करावी लागतील. फार किचकट असतं ते."

"करेन," सानिका म्हणाली. तिनं जुईला मांडीवर पालथं घेतलं, तेलाचं बोट लावून पाठीवरची चकती अलगद सोडवली आणि पडद्यासमोर धरली. खालची त्वचा गोल, पांढुरकी राहिली होती. शालनमावशीनं तिच्यावर फुंकर घातली.

*

लाल खूण त्याच संध्याकाळी निघाली. कागदपत्रं मात्र खरोखरच किचकट होती. सानिकानं कायदा मुळातून वाचला, सुट्टीच्या दुपारी, जुई कागदाचे कोपरे चघळत असताना. ओळखपत्र, पोलीस ठाण्याचा दाखला, डॉक्टरांचा दाखला, निधीचं खातं. फोटोत हसायचं नाही म्हणून सांगितलं तर शालनमावशी म्हणाली, "मी काय गुन्हेगार हाय?" आणि दात दाखवून हसली. दुसऱ्यांदा काढला, तेव्हा जास्तच हसली. शेवटी तोच लावला.

अटी स्वयंपाकघरात ठरल्या. सानिका लिहीत होती, शालनमावशी पालक निवडत सांगत होती. "रविवार माजा. आखाड तळायच्या दिवशी मी येनार न्हाई, माज्या घरी पोरी येत्यात. पोरीला उपाशी ठिऊन शिस्त लावायची न्हाई. आन मला काडायचं झालं तर तोंडावर सांगायचं, त्या फोनवर न्हाई." पालकाची जुडी तिनं खाली ठेवली. "आन अजून एक हाय. ते लिहिता येतंय का बगा."

तिनं ते सांगितलं. सानिकानं लगेच लिहिलं नाही. आधी तिचा ओला हात धरला, मग लिहिलं.

श्रम-नोंदणी केंद्रावर रांग होती. पंखे फिरत होते, वारा मात्र कुठेतरी दुसरीकडे जात होता. खिडकीमागच्या पाचोरेसाहेबांनी कागद चाळले आणि चष्मा वर केला.

"मेळयंत्राचा क्रमांक राहिलाय."

"यंत्र नाही," सानिका म्हणाली.

"रकाना भरल्याशिवाय नमुना पुढे सरकत नाही, बाई."

"कायद्यात यंत्र कुठेच नाही, साहेब. सुट्टी आहे, विमा आहे, निधी आहे, आगाऊ सूचना आहे. यंत्र तुमच्या छापील नमुन्यात आहे, आणि तो नमुना एका संस्थेनं करून दिलाय. मी कायद्याप्रमाणे करार आणलाय. हातानं लिहिलेला चालतो, कलम चार."

पाचोरेसाहेबांनी कायदा उघडला. मागची रांग कुरकुरली. एक बाई म्हणाली, "अहो, भरा ना काहीतरी आकडा, आम्हालाही घरं आहेत." सानिका हलली नाही. शालनमावशी तर पाय रुंद करून उभी राहिली, भट्टीसमोर राहायची तशी.

"चालतो," पाचोरेसाहेब शेवटी म्हणाले. त्यांनाच आश्चर्य वाटलेलं दिसलं. "इतक्या वर्षांत कुणी आणला नव्हता." ते करार मोठ्यानं वाचू लागले, तशी पद्धतच होती. आखाड तळण्याच्या अटीवर रांगेतून हसू आलं. मग ते शेवटच्या कलमावर आले आणि त्यांचा वेग कमी झाला.

"'कलम अकरा. काम कुठल्याही कारणानं सुटलं, तरी शालन माळी यांना जुईला भेटता येईल, आणि जुईला शालन माळी यांना. ही भेट कुणी मोजणार नाही.'" त्यांनी वर बघितलं. "हे कुठल्या नमुन्यातलं?"

"आमच्या," सानिका म्हणाली.

"मंजूर करायला हरकत अशी काही..." ते पुटपुटले, आणि त्यांनी ठशाची काच पुढे सरकवली.

शालनमावशीनं एकदा त्या कागदाकडे बघितलं. "हे हाय माज्या बाजूचं," ती म्हणाली आणि अंगठा टेकवला. काच जुनी होती, ठसा उमटेना. पुसा, पुन्हा दाबा, पुन्हा पुसा असं चाललं. ठशासाठी मावशीच्या कडेवरून उतरवलेली जुई इतका वेळ सानिकाकडे होती. उकाड्यानं आणि भुकेनं तिनं भोकाड पसरलं आणि दोन्ही हात शालनमावशीकडे पसरले.

"घ्या तिला, मावशी."

"माजा अंगठा अडाकलाय हितं. तुमीच गा."

"मला येत नाही."

"नाव घालायला येतंय का? बास झालं."

सानिकानं जुईला छातीशी धरलं. मनगटात कडं नव्हतं, हातात फोन नव्हता. शब्द शोधण्यात ती इतकी गुंतली, की आपला श्वास खाली उतरलाय हे तिला कळलंही नाही. दोन्ही ओळी तिनं जागीच जुळवल्या, आणि रोज नाद पारखणारी ही बाई भर रांगेत बेसूर गायली:

हात शालनमावशीचा, जशी सांजेची ती चूल
त्याच्या उबेला निजलं माझ्या जुईचं गं फूल

जुईचं रडणं अर्ध्यात थांबलं. ती आईच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिनं ओला हात सानिकाच्या ओठांवर ठेवला आणि डोकं खांद्यावर टाकलं.

"चूल कशाला ओ?" शालनमावशी खिडकीकडून न वळता म्हणाली. "माज्या घरी गॅस हाय."

पण अंगठा तिनं काचेवरून उचलला नाही, आणि ह्या वेळी ठसा नीट उमटला.

पाचोरेसाहेबांनी शिक्का मारला. सानिका कागद घेऊन वळली तेव्हा मघाशी कुरकुरलेली ती बाई वाट सोडेना. तिच्या मनगटात पांढरं कडं होतं, शेजारी एक हिरव्या कड्याची पोरसवदा बाई, आणि दोघींच्या मधे एक झोपाळू पोरगा.

"ते अकरावं कलम," ती म्हणाली. "जरा सावकाश सांगाल का? मी लिहून घेते."